बोलर आणा, पण आमचं पोर देऊ नका

आयपीएलचा हंगाम मार्च ते मे असतो, हा म्हैसूरबाहेरच्यांचा समज आहे. इथल्या चामराजपुरम भागात खरा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. तेव्हा सामने नसतात, त्यामुळे क्रिकेटवर बोलताना क्रिकेटचा अडथळा होत नाही. संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करत असतात, लिलाव तोंडावर आलेला असतो, आणि रेल्वे स्टेशनापासून जेएलबी रोडपर्यंतच्या टापूत कानटोपी घातलेला प्रत्येक निवृत्त गृहस्थ आरसीबीचा बिनपगारी मॅनेजर झालेला असतो. म्हैसूरला नोव्हेंबरात म्हणावी अशी थंडी नसते. कानटोपी असते.

प्रश्न दरवर्षी तोच. संघ जिंकायच्या बेतात आहे, फलंदाजी झकास आहे, फक्त शेवटची षटकं टाकायला भरवशाचा माणूस नाही. मग दुसऱ्याकडचा तयार गोलंदाज आणायला आपल्याकडचं उगवतं पोर देऊन टाकावं का? अमेरिकेतले बेसबॉलवाले याच प्रश्नावर दर जुलैत डोकी फोडून घेतात. त्यांची अदलाबदल भर हंगामात चालते, आपली मुख्यतः हंगाम संपल्यावर. डोकी सारखीच फुटतात.

आता जेएलबी म्हणजे झाशी लक्ष्मीबाई. जिनं आपली झाशी द्यायला साफ नकार दिला, तिच्या नावाच्या रस्त्यावर उभं राहून ‘अमका देऊन टाका, तमका देऊन टाका’ म्हणणं मला काही बरं दिसत नाही. पण हे आम्हा मराठी घरांनाच खटकतं. बाकीच्यांना जेएलबी ही नुसती तीन अक्षरं, एलआयसीसारखी.

बैठकीतले मानकरी ठरलेले. पहिले बँकसाहेब. आयुष्यभर तारणाशिवाय कुणाला कर्ज न दिलेला माणूस. त्यांचं म्हणणं एका वाक्यात संपतं, तरी ते अर्धा तास बोलतात. “राव सार, भवितव्य हे तारण होत नाही. पोर देऊन टाका, बोलर घ्या.” दुसरे गणिताचे निवृत्त प्राध्यापक. ते ‘स्टार ऑफ मैसूर’च्या समासात बेरजा-वजाबाक्या करतात आणि उत्तर आलं की पेपर घडी करून खिशात ठेवतात, म्हणजे कुणाला पडताळून पाहता येत नाही. तिसरे कॉफीपूडवाले. ते कट्टर स्थानिक. खेळाडू म्हैसूरचा असेल तर तो देऊ नये, हसनचा असेल तर देऊ नये, कोडगूचा असेल तर अजिबात देऊ नये, कारण कॉफी तिथूनच येते. आणि चौथी आमची आत्या. घरात मराठी, दारात कन्नड, आणि टीव्हीसमोर दोन्हींचं मिश्रण. आरसीबीनं दोनशेच्या वर धावा केल्या की सगळी गल्ली नाचते आणि आत्या शांतपणे विचारते, “ते सगळं खरं. पण बोलर कुठाय?”

आत्याचा हा प्रश्न जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. 2008 च्या पहिल्या हंगामात आरसीबीकडे झहीर खान होता. श्रीरामपूरचा, म्हणून आमच्या घरात त्याला जरा मानाचं पान. 2009 च्या जानेवारीत आरसीबीनं झहीर मुंबईला दिला आणि मुंबईकडून रॉबिन उथप्पा घेतला. सगळं जग फलंदाज देऊन गोलंदाज घेतं. आम्ही गोलंदाज देऊन फलंदाज घेतला. कोडगूचा मुलगा घरी आला म्हणून कॉफीपूडवाल्यांनी त्या दिवशी चिकोरी कमी घातली, असं ते स्वतः सांगतात. पुढे मे महिन्यात जोहान्सबर्गला अंतिम सामना झाला. अनिल कुंबळेनं 16 धावांत 4 बळी घेतले, डेक्कन चार्जर्सना 143 वर रोखलं, आणि आमची गाडी 137 वर अडली. सहा धावांनी हार. ज्या वर्षी खास फलंदाज आणला, त्या वर्षी फलंदाजीच कमी पडली. झहीरला मग 2011 च्या लिलावात पैसे मोजून परत आणलं. उथप्पा तेव्हा पुण्याच्या संघाकडे गेला होता.

सहाचा आकडा म्हैसूरला ओळखीचा आहे. जोहान्सबर्गनंतर आठ महिन्यांत, जानेवारी 2010 मध्ये, रणजीचा अंतिम सामना इथेच, मानसगंगोत्रीच्या मैदानावर झाला. कर्नाटक विरुद्ध मुंबई. कर्नाटकला 338 हव्या होत्या, मनीष पांडेनं 144 काढल्या, अजित आगरकरनं पाच जणांना घरी पाठवलं, आणि कर्नाटक 331 वर बाद. पुन्हा सहा धावा! सगळं चामराजपुरम सुतकात होतं. आमच्या घरात आनंद झाला, पण तो दारं-खिडक्या लावून, खालच्या आवाजात साजरा केला. आत्या मात्र उघडपणे म्हणाली, “बघा, मुंबईकडे बोलर होता.”

मधली वर्षं भराभर सांगतो, कारण ती आठवून कुणाचंच भलं होत नाही. 2013 मध्ये ख्रिस गेलनं एकट्यानं नाबाद 175 केल्या, आणि त्या वर्षी संघ बाद फेरीतसुद्धा पोचला नाही. 2016 मध्ये विराटनं 973 धावा काढल्या. अंतिम सामना घरच्या चिन्नास्वामीवर, आणि शेन वॉटसनच्या चार षटकांत 61 गेल्या, त्यातल्या 24 डावाच्या शेवटच्या षटकात. आठ धावांनी हरलो. दहा लाखांत आणून घडवलेला युजवेंद्र चहल 2022 च्या आधी सोडून दिला. तो राजस्थानकडे गेला आणि त्याच वर्षी 27 बळी घेऊन जांभळी टोपी घालून हिंडला. 2024 च्या एप्रिलमध्ये हैदराबादनं चिन्नास्वामीवर 287 केल्या. आम्ही पाठलाग करत 262 केल्या आणि हरलो. प्राध्यापकांनी त्या रात्री समासात काहीच लिहिलं नाही.

तेव्हा गोलंदाज हवा, यात वाद नाही. वाद आहे तो मोबदल्याचा, आणि मोबदल्याची गोष्ट निघाली की म्हैसूरला एकच नाव आठवतं. जगदीशा सुचित. आमचा डावखुरा फिरकीपटू, म्हैसूरचाच. 2015 मध्ये मुंबईनं त्याला घेतलं आणि त्या वर्षी मुंबई जिंकली, म्हणून तो मुंबईचा पायगुण नसून सुचितचा, हे कॉफीपूडवाल्यांचं ठाम मत. पुढे तो दिल्लीकडे आला. दिल्लीचा संघ तेव्हा नुकताच उभारी धरत होता आणि त्यांना अनुभवी फिरकी हवी होती. नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांनी पंजाबकडून रविचंद्रन अश्विन घेतला, आणि त्या बदल्यात सुचित अधिक दीड कोटी रुपये दिले.

पुस्तकी प्रश्न तो हाच. तयार गोलंदाजासाठी तरुण खेळाडू. बँकसाहेब म्हणाले, व्यवहार चोख. प्राध्यापक म्हणाले, दिल्लीचा फायदा. कॉफीपूडवाल्यांचा हिशेब मात्र कुणालाही सुचणार नाही असा निघाला. “अश्विन बरोबर सुचित अधिक दीड कोटी. म्हणजे राव सार, आपला मुलगा अश्विनपेक्षा फक्त दीड कोटीनं कमी!” प्राध्यापकांनी समास चाचपला. गणितात चूक सापडेना.

व्यवहार दिल्लीला फळला. 2020 मध्ये त्यांनी पहिल्यांदाच अंतिम सामना गाठला. सुचितच्या वाट्याला पंजाबात बाकडं आलं. मग 2021 ला हैदराबादनं त्याला तीस लाखांत घेतलं, आणि 8 मे 2022 ला वानखेडेवर, आरसीबीविरुद्ध, सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर त्यानं विराट कोहलीला बाद केलं. झेल विल्यम्सनचा. चामराजपुरमात त्या क्षणी जे झालं ते मी जवळून पाहिलं. कॉफीपूडवाल्यांचे दोन्ही हात टाळीसाठी वर गेले, आरसीबीची आठवण होऊन मध्येच थांबले, आणि शेवटी त्यांनी ते डोक्याला लावून केस सारखे केले. त्यांना केस नाहीत. सुदैवानं सामना पुढे आरसीबीनं 67 धावांनी जिंकला, म्हणून सगळ्यांना जेवण गेलं.

इथे बँकसाहेबांचा मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पण प्राध्यापकांच्या पेपराच्या घडीत दिल्लीचंच दुसरं प्रकरण आहे, आणि ते जरा लांबण लावून सांगण्यासारखं आहे. 2009 च्या त्याच जानेवारीत दिल्लीनं तेवीस वर्षांचा शिखर धवन मुंबईला दिला आणि आशिष नेहरा घेतला. नेहरानं त्या हंगामात 19 बळी घेतले, दिल्ली साखळीत पहिली आली. शाब्बास! मग उपांत्य सामन्यात गिलख्रिस्टनं 35 चेंडूंत 85 केल्या आणि दिल्ली घरी. दिलेला धवन मात्र आयपीएलमध्ये 6769 धावा करून थांबला. दहा वर्षांनी दिल्लीला पश्चात्ताप झाला आणि त्यांनी हैदराबादकडून धवन परत आणला. बदल्यात तीन जण दिले. विजय शंकर, शाहबाज नदीम, आणि अभिषेक शर्मा नावाचा अठरा वर्षांचा डावखुरा मुलगा. त्या मुलानं त्याच वर्षी पदार्पणात आरसीबीला 19 चेंडूंत नाबाद 46 असा चोप दिला होता, म्हणजे आम्हाला तो माहीत होता. दिल्लीलाच माहीत नव्हता. 2025 च्या एप्रिलमध्ये त्यानं हैदराबादसाठी 55 चेंडूंत 141 काढल्या. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पातेलं घ्यावं, दहा वर्षांनी त्यातली एक साडी आठवावी, आणि ती परत आणायला घरातली तीन नवी कोरी पातेली देऊन टाकावीत, त्यातलं एक चांदीचं निघावं, असा हा दिल्लीचा संसार.

बँकसाहेबांचा जावई डेट्रॉइटला असतो. रविवारी फोन आला की सासऱ्याशी बेसबॉल बोलतो, कारण लेकीबद्दल बोलायला दोघांनाही धीर होत नाही. त्याच्याकडून कळलेली कथा अशी. 1987 च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सना चेंडू फेकणारा हवा होता. त्यांनी अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर घेतला. वय 36. आल्यापासून हंगाम संपेपर्यंत तो नऊ सामने जिंकला, हरला एकही नाही, आणि टायगर्स आपल्या गटात पहिले आले. पुढच्या फेरीत तो दोन सामन्यांत उतरला, दोन्ही हरला, टायगर्सचा खेळ खल्लास. बदल्यात दिलेला वीस वर्षांचा पोरगा जॉन स्मोल्ट्झ अटलांटासाठी वीस वर्षं खेळला आणि 2015 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. उलट 2016 मध्ये शिकागो कब्जनी अरोल्डिस चॅपमन आणायला ग्लेबर टोरेस नावाचा होतकरू मुलगा देऊन टाकला, आणि 108 वर्षांनी विजेतेपद मिळवलं. टोरेसही पुढे चांगला खेळला. पण शिकागोत त्याबद्दल कुणी हळहळलं असेल, असं वाटत नाही. एकशे आठ वर्षं! आम्ही सतरा हंगामांत एवढा आक्रोश केला की शेजारच्या राज्यांतून विनोद आयात झाले.

आत्याला बेसबॉलमधलं काही कळत नाही, पण निष्कर्ष तिनं बरोबर काढला. “जिंकलं की दिलेलं पोर आठवत नाही. हरलं की त्याची जन्मपत्रिका निघते.”

आमच्याकडच्या पोराची पत्रिका सध्या देवदत्त पडिक्कलच्या नावानं आहे. 2020 मध्ये आरसीबीकडून पहिल्याच हंगामात 473 धावा, उगवत्या खेळाडूचा मान. 2022 ला राजस्थानकडे, पावणेआठ कोटींत. 2023 च्या नोव्हेंबरात राजस्थानला वेगवान गोलंदाज हवा झाला, म्हणून त्यांनी पडिक्कल लखनौला दिला आणि आवेश खान घेतला. लखनौत त्याचं काही जमलं नाही. आणि 2024 च्या लिलावात तो पुन्हा आरसीबीत, अवघ्या दोन कोटींत! बँकसाहेबांना याचा अतोनात आनंद झाला. “मूळ रक्कम आपली, व्याज दुसऱ्यांनी भरलं.” पुढच्या हंगामात तो जायबंदी झाला तेव्हा त्याच्या जागी मयांक अगरवाल आला, तोही जुना आरसीबीचाच. आमच्या संघातून गेलेला माणूस कायमचा जातच नाही. फेरी मारून येतो.

अदलाबदलीचं हे वेड आयपीएलनं आणलं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं म्हैसूर संस्थानाचा इतिहास पाहावा. संस्थानांचे दिवाण म्हणजे त्या काळचे बदलीयोग्य खेळाडू. तंजावरचे मराठी टी. माधवराव त्रावणकोरात दिवाण झाले, मग इंदूरला, मग बडोद्याला. त्यांचे चिरंजीव टी. आनंदराव 1909 ते 1912 म्हैसूरचे दिवाण. आणि त्यांच्यानंतर दिवाण झाले विश्वेश्वरय्या. अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात, नोकरी मुंबई इलाख्यात, खडकवासल्याला पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारी दारं बसवून हात साफ केलेला, आणि मग 1909 मध्ये म्हैसूरच्या सेवेत. आमच्या नळाला येणाऱ्या कावेरीच्या पाण्यामागे तो व्यवहार आहे. मुंबई सरकारनं बदल्यात काय घेतलं? काही नाही. एक अभियंताही नाही, दीड कोटीही नाहीत. चामराजपुरमच्या मते आजवरची सर्वोत्तम ट्रेड ही, आणि मुंबईवाल्यांना अजून तिचा पत्ता लागलेला नाही. मी घरी मराठी असलो तरी इथे गप्प बसतो.

मुंबईवाले मात्र आता शहाणे झालेत. 2025 च्या नोव्हेंबरात त्यांनी पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौहून दोन कोटींत आणला आणि अर्जुन तेंडुलकरला तीस लाखांत लखनौला पाठवलं. कागदोपत्री दोन वेगळे व्यवहार. आत्यानं बातमी पुन्हा वाचायला लावली आणि विचारलं, “सचिनला विचारलं होतं का रे?” नियमाप्रमाणे खेळाडूची संमती लागते, वडिलांची नाही, हे तिला पटवताना संध्याकाळ गेली.

आता माझं मत. बैठकीत ते कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो. आरसीबीनं 2025 ला अखेर कप जिंकला तो कसा, ते बघा. आधीच्या लिलावात साडेबारा कोटींना हेझलवूड, पावणेअकरा कोटींना भुवनेश्वर, पावणेसहा कोटींना कृणाल पांड्या. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात कृणालनं चार षटकांत 17 धावा देऊन दोन बळी घेतले, आणि पंजाबला आम्ही हरवलं ते किती धावांनी? सहा! बाजारात पैसे मोजून बोलर मिळत असेल तर पोराला हात लावूच नये. पैसे परत कमावता येतात. अभिषेक शर्मा परत येत नाही.

पण पैसे संपले असतील, संघ पहिल्या दोनांत असेल आणि डेथ ओव्हर टाकायला कुणीच नसेल, तर मी बँकसाहेबांच्या बाजूचा आहे. पोर द्यावं. आत्याचं वय शहाऐंशी आहे. तिला ‘पाच वर्षांनी हा मुलगा मोठा होईल’ असं सांगायची माझी छाती नाही. द्यायचं ते पोर मात्र फलंदाज असावं. कर्नाटकात फलंदाजांना तोटा नाही. द्रविडपासून राहुलपर्यंत रांग लागलेली आहे, आणि के. एल. राहुल तर आरसीबीनं एकदा सोडून दुसऱ्यांदा आणून पुन्हा सोडलेला आहे. चेंडू टाकणारं पोर कोणत्याही भावात देऊ नये. जवागल श्रीनाथ इथलाच, इथल्या एसजेसीई कॉलेजातला इंजिनियर. तसा दुसरा म्हैसूरला अजून मिळालेला नाही.

आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना एक विनंती. 1999 च्या फेब्रुवारीत कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध श्रीनाथनं एकट्यानं कसोटीत तेरा बळी घेतले, आणि भारत तरीही 46 धावांनी हरला. तेव्हा पोर द्यायचंच ठरलं असेल, तर एका बोलरवर समाधान मानू नका. घासाघीस करा आणि दोन आणा.